चुंबळीचा नंबर

"मत देलं नाई, असं नोका लिहू बाई," सत्यभामा म्हणाली. "देऊ नाई देलं, असं लिहा."

कांताची पेन्सिल अडली. गुडघ्यावरच्या फॉर्मावर अकरावा प्रश्न होता : मत न देण्याचे कारण. त्याच्या खाली चौकोन आखलेले होते. उदासीनता. अज्ञान. घरच्यांचा विरोध. आजारपण. परगावी. सगळ्यांत शेवटी 'इतर'. 'देऊ दिलं नाही' असा चौकोन छापणाऱ्याला सुचला नव्हता.

"कोणी देऊ दिलं नाही? घरच्यांनी?"

"घरच्याची काय बिशाद! थो तं म्हणे, चाल, तू बी दे. उद्या निवडून आलेला चोर निघाला तं म्या एकट्यानंच कावून शिव्या खावाव्या?"

भोवतीच्या बाया हसल्या. ठेकेदाराच्या हप्तेसुट्टीचा दिवस होता. खुर्सीपारच्या टिनांच्या झोपड्यांपुढे कोणी केस विंचरत होती, कोणी पोराच्या डोक्यातल्या उवा मारत होती. कारखान्याचा तांबूस धूर सगळ्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर सारखाच बसत होता. सत्यभामा तिरोड्याकडची. भिलाईत नुसते खड्डे होते तेव्हा आली, आणि तेव्हापासून डोक्यावर घमेलं आहे. समोरच्या उंच चिमणीकडे बोट करून ती कोणालाही सांगायची, "थिच्या पायात माह्ये घमेले हायेत." आता कारखाना आणखी वाढवायचं काम निघालं होतं, म्हणजे घमेली संपायची चिन्हं नव्हती.

कांताने प्रश्न पुन्हा, जरा वेगळा करून विचारला. प्राध्यापक ठोसरांनी शिकवलं होतं, उत्तर आडवं आलं तर प्रश्न वळवून घ्यावा. "म्हणजे तुम्ही केंद्रावर गेलाच नाहीत?"

"गेली नाई? सकाळी भाकर बांधून गेली! चंपत मुकादमानं अर्धी हाजरी कापली, कापू देली. शाळेच्या वट्ट्यावर बायाची लाइन अलग, माणसाची अलग. आमी बाया सूर्य अथी होता तवाच्या उभ्या," तिने कपाळावर हात ठेवून उन्हाची जागा दाखवली. "माणसाची लाइन सरकून राहिली, आमची खुंट्याले बांधल्यावानी. एक बाई आत जाये का पाच माणसं जाये. तथला साहेब म्हणे, 'ड्यूटीवालों को पहले आने दो.' पहिल्या पाळीचे सुटले, थे आले. दुसऱ्या पाळीचे जाचे होते, थे बी आले. आमाले ड्यूटी नाई का? आमी का गोटे खेळतो?"

"मग?"

"मंग चार वाजले ना बाई!"

हे सत्यभामाने असं म्हटलं, की चार वाजले म्हटल्यावर पुढचं जगाला ठाऊकच असणार. कांताला ठाऊक नव्हतं. तिच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नळ घरात होता.

बाकीच्या बायांनीच मग तिला समजावलं. खुर्सीपारच्या या ओळीला एकच नळ. पाणी चारला येतं, पाचच्या आत जातं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरात पिण्यापुरतंही नाही. नळावर कोणी दिवसभर उभी राहू शकत नाही, म्हणून ज्या त्या बाईने आपली चुंबळ ओळीत मांडायची. डोक्यावर ओझं घ्यायला जुन्या लुगड्याच्या चिंधीची वळून केलेली ती कडी. कोणाची हिरव्या काठाची, कोणाची लाल, कोणाची दोन चिंध्यांची. कोणती कोणाची ते सगळ्यांना पाठ. बाई कामावर असो की चुलीपाशी, चुंबळ ओळीत असली की बाई ओळीत आहे. रांग पुढे गेली की मागे हजर असलेली बाई गैरहजर बाईची चुंबळही पुढे सरकवते. खुर्सीपारमध्ये मद्राशी होते, उडिया होते, पंजाबी होते, छत्तीसगडचे तर होतेच. एकमेकींची भाषा कळत नव्हती, पण चुंबळ सगळ्यांना कळत होती. दारूच्या नशेतला पुरुषही ती ओलांडून जायचा, पाय लावायचा नाही.

"तसंच त्या दिवशी केलं," सत्यभामा म्हणाली. "वट्ट्यावर रांगेनं चुंबळा मांडल्या आन पाण्याले गेलो. म्हटलं, नंबर आपला हायच. भरलेल्या घागरी घेऊन तशाच शाळेत आलो, पायात दम नोता. तं दार बंद. आमच्या चुंबळा कोपऱ्यात, कचऱ्यावानी."

"पाच वाजता रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या देतात," कांता म्हणाली. तिने ते पुस्तकात वाचलं होतं. "चिठ्ठी असली की उशीर झाला तरी मत देता येतं."

"व्हय ना. माणसाले देल्ल्या. मंग माणसायनंच सांगतलं, साहेब आमच्या लाइनीपाशी आला आन म्हणे, यहाँ तो कोई नहीं है. शिपायानं पायानं चुंबळा सारल्या. आमी आल्यावर म्हटलं, साहेब, हे काय आमचा नंबर! तं थो हसला. म्हणे, लाइन में आदमी खड़ा होता है, चिंदी नहीं."

पलीकडच्या छत्तीसगडी म्हातारीने जमिनीवर पचकन थुंकून टाकलं, आणि तेच तिचं म्हणणं होतं.

"अन् हे प्रेमला," सत्यभामाने खांबाआड बसलेल्या पोरीला पुढे ओढलं. पोरीच्या मांडीवर कांताच्या देवूएवढंच लेकरू होतं. "हे तं दाराच्या तोंडाशी होती! पुढं चार-पाच चुंबळा, का हिची. पहिलं मत हिचं. नवं लुगडं नेसून आल्ती, जशी साक्षगंधाले चालली. चार वाजले तं म्हणे, मी नाई येत पाण्याले, मी उभी राहतो. म्याच म्हटलं, अवं चाल, चुंबळ ठेव, नंबर कुठी जाते!"

प्रेमला लाजून हसली. तिने कांताच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पुसून जाते का वो ताई थे?"

कांताच्या पहिल्या बोटावर, नखाच्या मुळाशी, मतदानाच्या शाईची काळी रेघ होती. चरोद्याच्या रेल्वे शाळेत तिला उभं राहावंच लागलं नव्हतं. रेल्वेबाबूंच्या बायका म्हणून हवालदाराने खुर्च्या दिल्या होत्या. ती आत गेली, शिक्का मारला, बाहेर आली आणि घरी येऊन पोहे केले.

"नाही पुसत," ती म्हणाली, आणि तिला बोट कुठे ठेवावं ते कळेना.

प्रेमलाचं लेकरू रडायला लागलं. त्याच्या रडण्याबरोबर इकडे कांताच्या छातीत कळ आली आणि पोलक्याला ओल फुटली. तिने पदर ओढून घेतला. बायांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि सत्यभामा म्हणाली, "जा बाई आता घरी. तुमचं बी कोणी लाइनीत असंन."

*

"कावून वो इतकी उशीर? पोट्ट्यानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं," राधाबाई दारातच म्हणाल्या. नातू त्यांच्या कडेवर, रडून लाल.

पॉवर हाउस स्टेशनावरून लोकल उशिरा सुटली होती. कांताने हातपाय धुतले, देवूला घेतलं आणि भिंतीला टेकून पाजायला बसली. तो आधी रागाने तोंड फिरवून राहिला, मग सगळं विसरला. त्याच्या मुठीत तिचं ते काळ्या रेघेचं बोट होतं.

तिने सासूला सगळं सांगितलं. राधाबाईंचा या कामावर मुळातच राग. बी.ए. झालेल्या सुनेने झोपड्यांमधून बायांना 'तुम्ही मत का नाही दिलं' म्हणून विचारत हिंडावं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. पण चुंबळीपाशी आल्यावर सुपात डाळ पाखडणारे त्यांचे हात थांबले.

"पायानं सारल्या?"

"हो."

"आमच्या काटोलाकडे विहिरीवर कोणी बाईची चुंबळ पायानं उडवली असती ना, तं बायांनी त्याले पोहऱ्यासंगट खाली सोडला असता! अन् वरून त्यालेच विचारलं असतं, पाणी किती हाय म्हणून."

कांताचा नवरा बाबाराव नुकताच रेल्वे यार्डातून आला होता. वॅगनचे नंबर लिहून लिहून त्याच्या बोटांना कायम निळी शाई असे. तो हसला. "तुमी दोघी सासूसुना मिळून सरकार पाडान बाप्पा." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "तू कायले जिवाले लावून घेतं? तुहे सर सांगते तसं लिहून दे. उदासीन तं उदासीन. पुस्तकात तुहं नाव येणार हाय ना?"

नाव येणार होतं. ठोसर सरांनी तिला नागपूरला राज्यशास्त्र शिकवलं होतं. नव्या देशांतली माणसं मत का देतात आणि का देत नाहीत, यावर ते दिल्लीच्या एका संस्थेसाठी पुस्तक लिहीत होते. भिलाई त्यांना या कामासाठी सोन्यासारखी सापडली होती. दहा मुलखांतून आलेली माणसं, सगळी नवी, कारखाना नवा, मत नवं. चरोद्यात आपली जुनी विद्यार्थिनी आहे हे कळल्यावर ते स्वतः घरी आले होते, चहा घेतला होता आणि देवूच्या गालाला बोट लावून म्हणाले होते, "प्रस्तावनेत तुझ्या आईचं नाव छापू बरं का आपण." लग्नानंतर कांताचं नाव लग्नपत्रिकेखेरीज कशावर छापलं गेलं नव्हतं. तिला त्या रात्री झोप आली नव्हती. बाबारावाने तर अर्ध्या यार्डाला सांगून टाकलं होतं.

"म्या कवडूले बी सांगतलं," तो आता म्हणाला. "थो म्हणे, आपल्या यार्डात वॅगनच्या नंबराशिवाय आजपावतर कोणाचं काई छापून आलं नाई. तुह्या बायकोचं येईन तं आमी पेढे खाऊ."

"पण त्या उदासीन नव्हत्या," कांता म्हणाली.

"थे तुले माहीत, मले माहीत. पुस्तक वाचणाऱ्याले काय फरक पडते?"

कांताला राग आला. उदासीन! हा शब्द तिने परीक्षेत कितीदा लिहिला होता. 'अशिक्षित स्त्रीवर्गाची राजकीय उदासीनता' यावर तिला गुणही चांगले पडले होते. तो लिहिताना डोळ्यांपुढे कोणी बाई नव्हती. आता होती. अर्धी हजेरी कापून घेऊन, भाकर बांधून, उन्हात उभी असलेली.

पुढचे काही दिवस देवू दुपारी झोपला की ती फॉर्म काढून बसायची. कुकरची शिटी नाही, सासूची हाक नाही, एवढा वेळ मिळाला तर मिळाला. खुर्सीपारच्या एकेका बाईच्या फॉर्मावर 'इतर'च्या चौकोनात खूण करून समोरच्या कोऱ्या पट्टीत ती बारीक अक्षरात लिहीत गेली : 'सकाळपासून रांगेत. चारला नळाचे पाणी. चुंबळ ठेवून गेली. परत आली तेव्हा दार बंद.' तेच वाक्य पुन्हा पुन्हा. कधी देवू मधेच उठायचा, तेव्हा त्याला मांडीवर घेऊन, त्याचा हात फॉर्मावरून बाजूला सारत. प्रेमलाच्या फॉर्मावर तिने आणखी एक शब्द घातला : 'पहिले मत.'

*

प्राध्यापक ठोसर सरकारी पाहुणघराच्या व्हरांड्यात बसले होते. पुढे फॉर्मांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर दगड. कांताला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, देवूची चौकशी केली. माणूस वाईट नव्हता. तेच तर तिला नंतर फार दिवस सलत राहिलं.

त्यांनी खुर्सीपारचा गठ्ठा चाळला आणि चष्मा काढला.

"कांताबाई, सगळ्याच 'इतर'?"

"सगळ्यांचं कारण एकच होतं सर."

"पण ते कारण आपल्याकडे नाही." ते शिकवताना बोलत तसंच शांतपणे बोलू लागले. "हे बघा, दिल्लीला या फॉर्मांची कार्डं होणार. कार्डांना भोकं पाडणार, मग ती मशीनमधून जाणार. मशीनला एक ते पाच कळतं. मशीनला चुंबळ कळत नाही. 'इतर' थोडे असले तर चालतात. एक अख्खी वस्ती 'इतर' निघाली, तर लोक म्हणतील तपासनिसाने प्रश्नच नीट विचारले नाहीत."

"मग आणखी एक चौकोन करता येणार नाही?"

"छापून झालंय सगळं. मद्रासपासून पंजाबपर्यंत हाच फॉर्म आहे."

चहा आला. कांताने कप उचलला नाही.

"शिवाय शास्त्र म्हणून बघा," ते म्हणाले. "त्या रांगेत होत्या. पाणी की मत, असा प्रसंग आला. त्यांनी पाणी निवडलं. आपल्या शास्त्रात यालाच मताविषयीची उदासीनता म्हणतात. शिवी नाही ती. एक संज्ञा आहे."

"त्यांनी रांग सोडली नाही, सर."

"चुंबळ ठेवली."

"तेच म्हणतेय मी."

ठोसर हसले. "चुंबळ म्हणजे मतदार नव्हे, कांताबाई."

तो शिपाई, तो अधिकारी आणि हे आपले सर. तिघांचं म्हणणं एकच होतं, फक्त सरांचं मराठी स्वच्छ होतं. वर्गात कांता कधी उलट बोलली नव्हती. आता बोलली.

"सर, पुरुषांच्या फॉर्मात 'मत देण्याचे कारण' असा प्रश्न आहे. त्याच्याखाली कर्तव्याची जाणीव, पक्षावर निष्ठा, उमेदवाराची ओळख असे चौकोन आहेत. 'बायकांची रांग थांबवून आत घेतलं म्हणून' असा चौकोन कुठंय? ते जाणीव असलेले झाले आणि या उदासीन झाल्या. ज्या पुरुषांनी मत दिलं त्यांच्याही घशात त्या दिवशी घरी या बायकांनीच भरलेलं पाणी गेलं. हे कुठल्या कार्डाला भोक पाडून लिहायचं?"

ठोसरांनी टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं आणि हळूच तिच्यापुढे सरकवलं.

"पेन्सिलीने लिहायला सांगितलं ते याच्यासाठीच," ते समजुतीने म्हणाले. "इथेच बसा, सावकाश करा. एक नंबरच्या चौकोनात खूण करा आणि खाली तपासनीस म्हणून सही. प्रस्तावना मी लिहून ठेवली आहे. तुमचं नाव सगळ्यांत आधी घेतलं आहे."

कांताने खोडरबराकडे पाहिलं. कोरं करकरीत होतं, देवूच्या हातात दिलं तर त्याने लगेच तोंडात घातलं असतं. पेढे खायला थांबलेला कवडू तिला आठवला, बाबारावाचा खुललेला चेहरा आठवला. आणि स्वतःचं नाव, छापील अक्षरांत, जसं तिने इतक्या दिवसांत मनाशी कितीतरी वेळा वाचून पाहिलं होतं, तेही आठवलं. खोटं कशाला बोला, ते सगळ्यांत आधी आठवलं.

"मी सही करत नाही, सर."

"सहीशिवाय फॉर्म बाद होतात. म्हणजे तुमच्या हट्टापायी या बायका मोजणीतून दुसऱ्यांदा गळतील. ते बरं?"

हा बाण नेमका लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने येऊ दिलं, पुसलं नाही.

"नाही बरं," ती म्हणाली. "पण मत त्यांना देऊ दिलं नाही, तेवढं पुरे. त्यांचं मनच नव्हतं असं वर माझ्या सहीनं लिहून नका पाठवू."

ती उठली. ठोसरही उठून उभे राहिले, कारण ते सभ्य होते. "दुर्गच्या हिरालाल मास्तरांना सांगतो मग. ते करतील खुर्सीपार पुन्हा," ते म्हणाले. "प्रस्तावनेत अर्थातच..."

"अर्थातच," कांता म्हणाली. चहावर साय धरली होती.

*

घरी बाबाराव दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कवडूले काय सांगू?" राधाबाई आतून ओरडल्या, "सांग, सून माही हाय, वॅगन नाई!" त्यावर तिघंही हसली आणि तो विषय मिटला. म्हणजे घरापुरता मिटला.

कांताचं मन मात्र खुर्सीपारला जायला धजत नव्हतं. जाऊन सांगायचं तरी काय? अखेर एका दुपारी देवूला कडेवर घेऊन ती लोकलने गेलीच. झोपड्यांना कुलपं होती. ठेकेदाराने सगळ्यांना कामावर ओढलं होतं. सत्यभामा तेवढी घरी होती, पायाला पट्टी बांधून. घमेलं निसटून अंगठा ठेचला होता.

"या बाई! अन् हे कोण? लाइनीतलं का?" तिने देवूला ओढून मांडीवर घेतलं.

कांताने सगळं सांगितलं. सत्यभामा ऐकत होती, देवू तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत होता.

"थो मास्तर येऊन गेला," ती म्हणाली. "वाचून वाचून दाखवे. मन नव्हतं का, समजत नव्हतं का, नवऱ्यानं अडवलं का. म्या त्याले सगळी गोठ सांगतली. तं म्हणे, बाई, गोष्ट नको, याच्यातलं एक सांग. म्या म्हटलं, मंग मेली म्हणून लिही! मेल्याले मन नसते."

"काय लिहिलं त्यांनी?"

"काय माहीत? लेहून घेतलं अन् गेला. मोठा खूश होता." सत्यभामाने देवूच्या पायाचा पापा घेतला. "ते काय म्हणता बाई तुमी, उदासीन? म्हणजे काय वो थे?"

"म्हणजे... ज्याला कशाची पर्वा नाही असा."

सत्यभामाने समोरच्या चिमणीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "दाराशी बसून हसला ना थो साहेब, त्याले म्हणत असतीन मंग असं."

इतक्यात नळाने घसा खाकरल्यासारखा आवाज केला. चार वाजले होते.

नळापाशी एकही बाई नव्हती. ओट्यापासून पार बाभळीपर्यंत चुंबळींची ओळ होती आणि प्रत्येकीमागे एक रिकामी घागर. भोंगा व्हायचा होता. मुकादम त्याच्याआधी कोणाला सोडणार नव्हता. धार सुरू झाली आणि मातीत वाहू लागली.

"अवं!" सत्यभामा उठायला गेली आणि अंगठा धरून मटकन बसली.

कांताने पदर खोचला. पहिली चुंबळ हिरव्या काठाची होती. तिच्यामागची घागर तिने नळाखाली लावली, भरली, बाजूला ठेवली, चुंबळ उचलून घागरीवर ठेवली. मग मागची चुंबळ पुढे सरकवली, तिच्यामागची तिच्या जागी. लाल काठाची. दोन चिंध्यांची. सत्यभामा देवूला घेऊन ओट्याच्या कडेला येऊन बसली आणि प्रत्येक घागरीला नाव सांगू लागली. "हे फुलमतची. हे उडियाबाईची, फुटकी हाय, तिरपी धरा. हे मद्राशी म्हातारीची, अर्धीच भरा, तिले उचलत नाई." कांताचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. मतदानाला महिना उलटून गेला होता. बोटावरची काळी रेघ नखाबरोबर थोडी वर सरकली होती, आणि एवढ्या पाण्यानेही ती जात नव्हती.

ओळ निम्मी सरली तेव्हा बाया आल्या, डोक्यांवर सिमेंटची धूळ, धावत. भरलेल्या घागरी पाहून थबकल्या. जिची तिने उचलली. उरलेल्या आपापल्या चुंबळीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

पुढे आलेली चुंबळ निळ्या, अजून नव्या दिसणाऱ्या चिंधीची होती.

"प्रेमलाची," सत्यभामा म्हणाली.

प्रेमला आली नव्हती. मुकादमाने तिला मागे ठेवलं होतं, असं कोणी तरी सांगितलं. नळाची धार एव्हाना करंगळीएवढी झाली होती, आणि मागे अजून बाया होत्या. कांताने वळून ओळीकडे पाहिलं.

मागची छत्तीसगडी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. "काला देखत हस, बाई?" ती निळ्या चुंबळीकडे बोट दाखवत म्हणाली. "ओखर नंबर हे. भर."

कांताने प्रेमलाची घागर नळाखाली धरली. बारीक धारेने ती भरायला फार वेळ लागला. तेवढा वेळ सगळ्या बाया उभ्या राहिल्या.